नानांचा राखणदार

नानांशी झालेली पहिली लढाई मी हरले, तीही नोकरीच्या पहिल्याच महिन्यात आणि सगळ्यांदेखत. हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे मी त्यांच्याबद्दल चार गोड शब्द बोलले, तर ते तोंडदेखले नाहीत एवढं तरी तुम्हाला पटेल.

आमचं हॉस्पिटल डोळ्यांचं आहे. सहा मजले, दोन लिफ्ट आणि सकाळपासून माणसांची रीघ. तळमजल्यावर स्वागतकक्षाच्या मागे आमची खोली आहे. खोलीला एकच खिडकी, आणि तिच्यातून ना झाड दिसतं ना आकाश, तर पेशंटसाठी लावून ठेवलेल्या चाकांच्या खुर्च्या दिसतात. तपासणीच्या वेळा आमच्या वेबसाइटवर रोज सकाळी आठ वाजता खुल्या होतात आणि पहिल्या अर्ध्या तासात हजारो माणसं तिच्यावर तुटून पडतात. वेबसाइटची पानं लिहिते मी. त्यामागचा डेटाबेस, म्हणजे कुणाची कधीची वेळ, कुणाचा कुठला डोळा, कुठले डॉक्टर ही सगळी माहिती जिथे राहते ती जागा, गेली बावीस वर्षं नाना सांभाळतात.

लढाईचं कारण साधं होतं. पानावर कुणी बटण दाबलं की आमच्या प्रोग्रॅमला डेटाबेसला काहीतरी विचारावं लागतं, आणि विचारायला एक कनेक्शन लागतं. दर वेळी नवं कनेक्शन जोडत बसलं तर त्यातच वेळ जातो. म्हणून वीस कनेक्शनं कायम जोडून तयार ठेवलेली असतात. साठ्यातून एक घ्यायचं, काम करायचं, परत ठेवायचं, की पुढचा ते घेतो. मी नवी होते, डोकं गरम होतं. हजारो माणसं आणि कनेक्शनं वीस? मी कुणाला न विचारता त्यांची दोनशे केली. दुसऱ्या दिवशी पान आधीपेक्षा दुप्पट रखडलं आणि मी मशीनच्या नावाने बोटं मोडू लागले.

नाना उठले आणि मला खिडकीपाशी घेऊन गेले. बाहेर खुर्च्या किती आहेत, असं त्यांनी विचारलं. असतील चाळीस, मी म्हटलं. आणि लिफ्ट? दोन. मग त्यांनी शांतपणे विचारलं, की उद्या चारशे खुर्च्या आणून ठेवल्या तर पेशंट वर लवकर पोचतील का. लिफ्टपुढे चारशे खुर्च्यांचा चिखल होईल, ते म्हणाले, आणि आतून बाहेर येणाऱ्यालाही वाट मिळणार नाही. डेटाबेसला कामाचे हात मोजकेच असतात. दारात गर्दी वाढवली म्हणून हात वाढत नाहीत. त्यांनी आकडा पुन्हा वीस केला, दुसऱ्या दिवशी पान सुरळीत चाललं, आणि मी दोन दिवस फुरंगटून बसले. तेव्हापासून ते मला घाईबाई म्हणतात.

घ्यायचं, वापरायचं, परत ठेवायचं. हा माणूस डेटाबेसच असा चालवतो असं नाही, संसारही असाच चालवतो. हॉस्पिटलात त्यांना पाठीमागे 'झालं-ठेवतो' म्हणतात, कारण फोनवर काम संपलं की ते "झालं? ठेवतो," म्हणून ठेवून देतात, समोरच्याचं वाक्य अर्धं राहिलं तरी. कुणाची कात्री घेतली तर कापून झाल्याबरोबर परत. वाचनालयातलं पुस्तक मुदतीच्या आठ दिवस आधी परत. वरच्या मजल्यावर कुठे रिकामी खुर्ची दिसली की स्वतः ढकलत खाली आणून लावतात. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि पुढे रिकामी खुर्ची. नवे पेशंट त्यांना वॉर्डबॉय समजून हाक मारतात आणि नाना त्यांनाही पोचवून येतात. काकू म्हणजे त्यांच्या बायकोने मला एकदा सांगितलं, की लग्नाच्या नोंदणीच्या वेळी तिच्या वडिलांनी सहीसाठी यांना पेन दिलं होतं, ते यांनी सही होताक्षणी परत केलं. "मला ठेवून घेतलं हेच माझं नशीब," असं म्हणून काकू हसत होती आणि नाना खाली मान घालून चहा पीत होते.

मला वडील नाहीत, म्हणून मी नानांच्यात वडील शोधते, असलं काही माझ्याबद्दल कुणी म्हणू नये. माझे वडील ठणठणीत आहेत. मला नाना नाना म्हणूनच आवडतात.

तर अशा माणसाच्या डेटाबेसला गेल्या वर्षी दृष्ट लागली. रोज सकाळी आठला वेळा खुल्या व्हायच्या, सगळं नीट सुरू व्हायचं, आणि आठ वीसच्या सुमाराला पान थिजायचं. कितीही बटणं दाबा, नुसतं चक्र फिरायचं. प्रोग्रॅम बंद करून पुन्हा चालू केला की दिवसभर बरं, पण दुसऱ्या दिवशी आठ वीसला परत तेच. ज्यांचं नाव-गाव अर्धं भरून झालेलं असायचं त्यांची वेळ हातची जायची. मग ती माणसं स्वागतकक्षात येऊन उभी राहायची. एका डोळ्याला पट्टी, दुसऱ्यात पाणी, हात धरून आणणारी सून नाहीतर मुलगा, आणि काउंटरवरच्या ताई दिलगिरी व्यक्त करकरून थकलेल्या. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, असे तीन आठवडे गेले.

नानांनी अकरा वर्षांपूर्वी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. त्याला आम्ही सगळे राखणदार म्हणायचो. दर मिनिटाला तो साठ्यातून एक कनेक्शन घ्यायचा आणि बघायचा, की पाच सेकंदांपेक्षा जास्त वेळ कनेक्शन कोण धरून बसलंय. कुणी सापडलं की नानांना मेल पाठवायचा: कोणी, कुठल्या पानाने, किती वेळ. सकाळच्या गर्दीत कुणी ना कुणी सापडायचंच, त्यामुळे नानांकडे रोज वीस-पंचवीस मेल यायचे. त्यातले दोन-तीन वाईट निवडून ते आम्हा प्रोग्रॅम लिहिणाऱ्या पोरांपुढे उभे राहायचे. माझ्यापुढे जरा जास्तच.

तीन आठवडे राखणदाराचा एकही मेल आला नव्हता. पान थिजलेलं असताना नाना राखणदाराचा पडदा उघडून बघायचे, तर त्याच्यावर कनेक्शन धरून बसलेला एकही जण दिसायचा नाही. पोरं शेवटी शिकली, असं त्यांनी घरी काकूला कौतुकाने सांगितलं होतं. मग कुणीच धरून बसलेलं नाही, तरी पान थिजतं, याचा अर्थ काय? मशीन कमी पडतंय, दुसरं काय. ज्या माणसाने मला लिफ्ट आणि खुर्च्या शिकवल्या, तो आता खालच्या आवाजात म्हणायला लागला, की कदाचित आपलं मशीनच म्हातारं झालं असेल. मशीनबद्दल बोलताना ते स्वतःबद्दल बोलतायत असं वाटायचं.

हॉस्पिटलच्या प्रमुख आमच्या मोठ्या डॉक्टरबाई. स्वतः शस्त्रक्रिया करतात, आणि बोलणंही तसंच, एक टाकासुद्धा जास्त घालणार नाहीत. त्यांनी सोमवारी सांगितलं, की शुक्रवारपर्यंत हे सुटलं तर ठीक, नाहीतर पुढच्या महिन्यापासून सगळी व्यवस्था बाहेरच्या कंपनीकडे जाईल. नानांना निवृत्तीला चौदा महिने होते. तेवढे दिवस त्यांनी तळघरातली जुन्या केसपेपरची खोली बघावी. नाना "बरं" म्हणाले आणि जागेवर येऊन बसले.

त्या खोलीत मी एकदा गेले होते. एक बल्ब, छताला टेकलेल्या फायली, आणि कुणी चुकून येईल तर येईल. बावीस वर्षं ज्याने हजारोंना वाट करून दिली त्याला तिथे बसवायचं, या विचाराने मला इतका संताप आला, की त्या दिवशी मी काउंटरवरच्या ताईंशीही विनाकारण भांडले. बुधवारी काकूचा फोन आला. तिकडे काय चाललंय, असं तिने विचारलं, कारण दोन दिवस नाना वाचलेला पेपर घडी न घालता तसाच खुर्चीवर टाकून उठत होते. मी "काही नाही" म्हणाले. नानांनी पेपरची घडी घातली नाही म्हणजे पाणी कुठवर आलंय हे आम्हा दोघींनाही कळलं होतं.

गुरुवारी आठला मी कागद आणि पेन घेऊन बसले. पडद्यावरचे आकडे मला राखणदार देत होता, ते मी बाजूला ठेवले, आणि चार ओळी लिहून थेट साठ्यालाच विचारायला लागले, की बाबा, तुझ्याकडे किती उरलीत? ज्यांचा वापर चालू होता ती परत येत होती, हे दिसत होतं. पण गर्दीत जरा उसंत मिळाली की जो आकडा हाती लागायचा तो दर मिनिटाला एकाने कमी. आठ एकला एकोणीस. आठ दोनला अठरा. आठ दहाला दहा. आठ वीसला शून्य, आणि पान थिजलं.

मिनिटाला एक. माणसं अशी वागत नाहीत. माणसं एका मिनिटात तीनशे येतात आणि पुढच्या मिनिटात चाळीस. आमच्या त्या सबंध इमारतीत मिनिटाला नेमकं एकदा काही करणारे दोघेच होते, एक भिंतीवरचं घड्याळ आणि दुसरा राखणदार. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. तीन आठवडे आम्ही गावभर फिरत होतो.

राखणदाराचा कोड मी त्याआधी कधी उघडलाच नव्हता. कोण उघडेल? पोलिसाच्या खिशात कोण हात घालतं? उघडला, आणि पाच मिनिटांत सगळं दिसलं. राखणदार कनेक्शन घ्यायचा, धरून बसलेल्याला शोधायचा, मेल पाठवायचा आणि मग कनेक्शन परत ठेवायचा. अकरा वर्षं हे बिनबोभाट चाललं. पण तीन आठवड्यांपूर्वी कार्यालयाने सगळ्या मेलचे पासवर्ड बदलले होते आणि राखणदाराला कुणी सांगितलं नव्हतं. आता तो मेल पाठवायला जायचा, तिथे अडखळून पडायचा, आणि पडल्यावर परत ठेवायची ओळ तशीच राहून जायची. मिनिटाला एक कनेक्शन खिशात. मेल जात नाही म्हणून नानांना कळत नाही, आणि नाना समजतायत की तक्रार नाही म्हणजे सगळं आलबेल.

तरी पडद्यावर दिसायला हवं होतं. दिसत नव्हतं, कारण धरून बसलेल्यांच्या मोजणीत राखणदाराला वगळलेलं होतं. त्या ओळीच्या शेजारी नानांनी अकरा वर्षांपूर्वी टीप लिहून ठेवली होती: 'राखणदाराला मोजू नये. तो आपलाच आहे.'

मी ती टीप तीनदा वाचली. कुंपणच शेत खात होतं आणि कुंपण नानांचं होतं.

दुरुस्ती दोन ओळींची होती. आधी कनेक्शन परत ठेवायचं, मग मेल. नाना तेव्हा वर तिसऱ्या मजल्यावर एक प्रिंटर बघायला गेले होते. मी खरं तर धावत जाऊन त्यांना सांगायला हवं होतं. पण डोळ्यांपुढे शुक्रवारची बैठक आली. चूक नानांच्याच प्रोग्रॅममध्ये होती, त्याने तीन आठवडे पेशंटना रडवलं, हे डॉक्टरबाईंच्या कानावर गेलं की तळघर पक्कं. मी दोन ओळी बदलल्या, दुपारी प्रोग्रॅम नव्याने चालू केला, आणि बदलाच्या नोंदीत लिहिलं: 'मेलचा पासवर्ड अद्ययावत केला.' ते खोटं नव्हतं. पासवर्ड मी खरंच घातला होता. ताकाला जाऊन भांडं लपवायची माझी ही पहिलीच वेळ नव्हती, पण इतक्या प्रेमाने आधी कधी लपवलं नव्हतं.

शुक्रवारी आठ वीस झाले. आठ एकवीस झाले. साडेआठ झाले आणि पान धावतच होतं. काउंटरवरच्या ताईंनी दारातून डोकावून हात जोडले. नाना पडद्याकडे बघत बसले होते, एक शब्द बोलले नाहीत. फार आनंद झालाय म्हणून बोलत नाहीत, असं मी समजले.

अकराला बैठक होती. डॉक्टरबाई, बाहेरच्या कंपनीचा एक टायवाला, नाना आणि मी. नेमकं काय झालं होतं, बाईंनी विचारलं. मी घडाघडा सांगितलं, की कार्यालयाने न कळवता पासवर्ड बदलला, त्यामुळे आमचा एक प्रोग्रॅम अडकत होता, आता तो सुरळीत आहे. बाईंच्या चेहऱ्यावर सुंठीवाचून खोकला गेल्याचा आनंद दिसला. त्या वही मिटायला लागल्या. तेवढ्यात नानांनी शाळेतल्यासारखा हात वर केला.

"मॅडम, पासवर्ड हे निमित्त झालं," ते म्हणाले. "घेतलेलं परत न ठेवणारा प्रोग्रॅम माझा होता. मी लिहिलेला. आणि तो मोजणीत दिसू नये अशी सोयही मीच करून ठेवली होती. तीन आठवडे पेशंटना जो त्रास झाला तो माझ्या चुकीने. हिने शोधून काढलं, हिनेच दुरुस्त केलं."

मला खुर्चीसकट जमिनीत जावंसं वाटलं. विसरलेच होते मी, की हा माणूस प्रत्येक बदल ओळ न् ओळ वाचतो. नोंदीवर त्याचा विश्वास नसतो.

मग डॉक्टरबाईंनी टायवाल्याला विचारलं, की तुमच्या कंपनीत असा राखणदार असतो ना, मग त्याच्यावर कोण लक्ष ठेवतं? टायवाला म्हणाला, विचारून कळवतो. बाईंनी मान डोलावली. "आमच्याकडे शस्त्रक्रियेनंतर कापसाचे बोळे दोघी मोजतात," त्या म्हणाल्या. "एकीने मोजलेले मी धरत नाही, ती कितीही जुनी असू दे. नाना, तुमचं बावीस वर्षं एकट्याने मोजणं चाललं, ही चूक माझीही आहे." व्यवस्था इथेच राहील, नाना चौदा महिने जागेवरच राहतील, आणि इथून पुढे प्रत्येक गोष्ट दोघांनी बघायची, एवढं सांगून त्या पुढच्या शस्त्रक्रियेला निघूनही गेल्या.

मी आनंदाने उडी मारायचीच तेवढी बाकी होती. नाना मात्र खोलीत आले, बसले, आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. मी चहा आणून ठेवला, तो प्यायले आणि कप लगेच परत नेऊन ठेवला. मग न राहवून मीच म्हटलं, की नाना, तळघरात बसवलं असतं तुम्हाला. माझं काय चुकलं?

ते माझ्याकडे वळले. चिडले असते तर बरं झालं असतं. आवाज अगदी साधा होता.

"तळघरात बसलो असतो गं. तिथंही खुर्ची असते. पण तू मला सांगितलं नाहीस. चौदा महिने मी माझा राखणदार चांगला आहे असं समजत इथं बसलो असतो, आणि तू रोज माझ्यासमोर बसून ते बघितलं असतंस. मी त्याला मोजला नाही, का? तर आपला आहे. तू मला मोजलं नाहीस, का? तर मी आपला आहे. म्हणजे माझीच चूक तू परत केलीस, घाईबाई."

मी रडले. हे लपवत नाही. त्यांनी रुमाल दिला आणि, स्वभावाला औषध नाही, मी तो परत देईपर्यंत हात पुढेच ठेवला. मी हसले, तेव्हा तेही हसले. मग सहज, खरंच सहज, म्हणाले, "चल, झालं ते झालं. अजून काय काय लपवलंयस माझ्यापासून ते एकदाच सांगून टाक."

आता इथे मला तुमच्यापुढेही एक कबुली द्यायला हवी, कारण हे मी इथवर तुम्हालाही सांगितलं नाही. मी लपवलं होतं. दोन महिन्यांपासून मी बघत होते, की नाना रिकामी खुर्ची ढकलत आणतात तेव्हा तिचं डावं चाक दाराच्या चौकटीला लागतं. रोज त्याच चौकटीला. पडद्याच्या डाव्या कडेचे आकडे वाचायला ते सबंध मान वळवतात. त्यांच्या डावीकडून कुणी आलं की दचकतात. मी मनात म्हणायचे, वय झालं. आणि वय झालं हे कुणी आपल्या माणसाच्या तोंडावर सांगतं का? म्हणून नाही सांगितलं.

"नाना," मी म्हणाले, "तुम्हाला डावीकडचं दिसत नाही."

ते म्हणाले, काहीतरीच काय, दुखत नाही, खुपत नाही, पेपर वाचतो मी. मी चौकटीवरचे ओरखडे दाखवले, एकावर एक, सगळे एकाच उंचीवर. त्यांनी ते बोटाने चाचपले. मग खिडकीपाशी जाऊन उभे राहिले आणि तळव्याने उजवा डोळा झाकला. हात खाली घेतल्यावर इतकंच म्हणाले, की खुर्च्यांची रांग अर्धीच दिसतेय.

मी लगेच त्यांना वर डॉक्टरांकडे न्यायला निघाले, तर हे ऐकतील तर शपथ. कर्मचारी म्हणून मधे घुसायचं नाही, लोक जशी वेळ घेतात तशीच घ्यायची. दुसऱ्या दिवशी आठ वाजता ते स्वतः पान उघडून बसले. गर्दीत त्यांचाही नंबर लागेना. नाव, वय, तक्रार, सगळं भरून आठ बावीसला त्यांना वेळ मिळाली, दोन दिवसांनंतरची, आणि मी मागे उभी राहून घड्याळाकडे बघत होते.

काचबिंदू निघाला. डाव्या डोळ्याची बाहेरची बाजू बरीचशी गेली होती, उजव्यालाही सुरुवात झाली होती. यात काही दुखत नाही, डॉक्टर म्हणाले, नजर कडेने मुकाट्याने जात राहते, आणि दुसरा डोळा सांभाळून घेतो म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. गेलं ते परत येत नाही. राहिलेलं मात्र थेंब घालून राखता येतं. बरं झालं आलात, आणखी वर्षभर थांबला असतात तर काही हाती राहिलं नसतं.

बाहेरच्या बाकावर काकूने माझा हात धरला होता. तुझे उपकार कसे फेडू, असं ती म्हणत होती. मग मध्येच थांबून तिने विचारलं, की तुला हे कधीपासून दिसत होतं? दोन महिने, मी म्हणाले. खोटं बोलायची सोय आता उरली नव्हती. काकूच्या हाताची पकड जरा सैल झाली, ते मला कळलं. आणि ती बरोबर होती. त्या दोन महिन्यांत जेवढं गेलं तेवढं माझ्या गप्प बसण्याने गेलं.

नाना आमच्या समोर उभे होते, हातात थेंबांची बाटली. "तू दोन महिने गप्प बसलीस, आणि मी आरशात रोज बघत होतो, तरी मला कळलं नाही," ते म्हणाले. "दोघांनी मोजायचं ठरलंय ना? मग दोघांचं चुकलं." आणि काकूला म्हणाले, चल, लिफ्ट अडवून उभे आहोत आपण.

याला आता सात महिने झाले. नजर आहे तिथेच टिकली आहे. ते दिवसातून दोनदा थेंब घालतात, दुपारचा मी बघते, रात्रीचा काकू. काकूच्या हाताची पकड पुन्हा पहिल्यासारखी झाली, पण मला वेळ लागतोय. त्या दोन महिन्यांचं वाईट वाटायचं थांबत नाही, आणि थांबावं असं मला वाटतही नाही. मी त्यांना आता सगळं सांगते. शर्टाचं बटण चुकलं तरी, बोलताना तेच पुन्हा सांगितलं तरी, डाव्या गालावर दाढी राहिली तरी. सगळ्यांदेखत सांगते. ते चिडतात. चिडू देत.